गाडीची दुसरी चावी करून घेताना: इमोबिलायझर, चिप आणि प्रोग्रॅमिंग

नवी चावी कुलपात बसते, फिरते, स्टार्टर मारला की इंजिन क्षणभर सुरू होतं आणि लगेच बंद पडतं. डॅशबोर्डवर चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा भराभर लुकलुकत राहतो. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, चावी नीट कापली गेली नाही. मग तो परत चावीवाल्याकडे जातो, पातं आणखी घासून घेतो आणि चांगली कापलेली चावी हातची घालवतो. चावी बरोबरच असते. गाडीतला इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, तिला ओळखत नाही, एवढंच.

ही ओळख करून देण्याच्या कामाला चावी प्रोग्रॅम करणं म्हणतात. काम अवघड नाही, पण प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि नवखा माणूस गोंधळतो. मी या सगळ्यातून गेलो आहे. कुठल्या क्रमानं जावं, काय विचारावं आणि कुठे फसायला होतं ते खाली लिहितो.

त्याआधी एक आग्रह. तुमच्याकडे गाडीची एकच चालू चावी उरली असेल तर दुसरी लगेच करून घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. एक चावी चालू असताना दुसरी जोडणं हे थोड्या वेळाचं काम आहे. शेवटची चावी हरवल्यावर तेच काम गाडी उचलून नेण्यापासून सुरू होतं.

१. चावी एक दिसते, आत तीन वस्तू असतात

पहिली वस्तू म्हणजे पातं. हे धातूचं, कुलूप फिरवणारं. दुसरी चिप, प्लॅस्टिकच्या डोक्यात लपलेली. इंजिन सुरू होऊ द्यायचं की नाही ते हिच्यावर ठरतं. तिसरी रिमोट, म्हणजे दारं उघडझाप करणारी बटणं. या तिघी एका कवचात राहतात म्हणून आपण त्यांना एक समजतो, पण कामं वेगळी आणि शिकवण्याच्या पद्धतीही वेगळ्या. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, चिपमधल्या बारीक वेटोळ्यात त्यामुळे वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होऊन गाडीला उत्तर देते. रिमोट मात्र सेलवर चालतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी निराळी: जगात बऱ्याच ठिकाणी ४३३.९२ मेगाहर्ट्झ, उत्तर अमेरिका आणि जपानसाठीच्या गाड्यांत बऱ्याचदा ३१५.

हे लक्षात आलं की निम्मी कोडी आपोआप सुटतात. सेल संपला तर बटणानं दार उघडत नाही, पण गाडी सुरू होते. उलट बटणानं दार उघडतंय आणि इंजिन मात्र धरत नाही, तर रिमोट शिकवलेला आहे आणि चिप शिकवायची राहिली आहे. चावी फिरतच नसेल तर दोष पात्याचा. तिथे स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाशी बोलणारं उपकरण, लावून काही होणार नाही.

बटणानं सुरू होणाऱ्या गाड्यांच्या स्मार्ट चावीतही हेच तिन्ही भाग असतात. पातं आत सरकवून ठेवलेलं असतं, दाराच्या कुलपासाठी. सेल पूर्ण संपला तरी चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून किंवा ठरलेल्या खाचेत ठेवून गाडी सुरू करता येते, कारण त्या वेळी चिप सेलविना, जुन्याच पद्धतीनं बोलते. ही जागा कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत आजच पाहून ठेवा.

आता प्रश्न असा, की चिपची नक्कल करून का चालत नाही? काही गाड्यांत चालते. १९८६ साली शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये आलेल्या पद्धतीत पात्यावर एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारा भाग, बसवलेला असे आणि त्या रोधाचे वेगवेगळे आकडे जेमतेम १५ होते. मीटर लावला की गुपित कळलं. पुढे ठरावीक आकडा सांगणाऱ्या चिप आल्या. तो आकडा वाचून दुसऱ्या चिपमध्ये लिहिला की झालं. त्यानंतरच्या चिप प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देतात: गाडी एक नवा आकडा पाठवते, चिप आपल्याकडच्या गुप्त किल्लीनं त्यावर गणित करून उत्तर पाठवते आणि गाडी ते स्वतःच्या गणिताशी ताडून पाहते. त्यातलीही काही जुनी गणितं फुटली आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ४० बिटांच्या गुप्त किल्लीची चिप संशोधकांनी २००५ मध्ये फोडून दाखवली. म्हणून आताच्या गाड्यांत १२८ बिटांचं एईएस नावाचं जास्त भक्कम गणित वापरण्याकडे कल आहे.

चावीवाला तुम्हाला ‘क्लोन करू की प्रोग्रॅम करू’ असं विचारतो त्यामागे हाच फरक आहे. क्लोन म्हणजे जुन्या चिपची हुबेहूब नक्कल. गाडीला हात लावावा लागत नाही आणि गाडीला ती जुनीच चावी वाटते. प्रोग्रॅम म्हणजे नवी चिप नव्या ओळखीनं गाडीच्या ओळखीच्या चाव्यांच्या यादीत टाकणं. क्लोन लवकर होतो, पण त्यात एक मेख आहे. उद्या मूळ चावी हरवली आणि तुम्ही ती यादीतून काढायला सांगितली, तर क्लोनही तिच्याबरोबर बाद होतो. पर्याय असेल तर प्रोग्रॅमिंगच करून घ्या.

२. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी ओळखा

केवळ गाडीच्या वर्षावरून ठरवू नका. युरोपात नव्या मोटारींना इमोबिलायझर १९९८ पासून सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात २००१ पासून, कॅनडात २००७ पासून. अमेरिकेत मात्र तशी सक्ती नव्हती, त्यामुळे तिथे विकलेल्या ह्युंदाई आणि किया यांच्या २०११ ते २०२१ मधल्या बऱ्याच मॉडेलांत तो नव्हताच आणि पुढे त्या गाड्यांच्या चोऱ्या प्रचंड वाढल्या. एकाच मॉडेलच्या खालच्या प्रकारात इमोबिलायझर नाही आणि वरच्यात आहे, असंही आढळतं.

सोपी खूण दिव्याची. इग्निशन चालू केल्यावर चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा दोन-तीन सेकंद पेटून विझत असेल तर इमोबिलायझर आहे आणि चावी ओळखली गेली आहे. गाडी बंद करून उभी असताना तोच दिवा संथपणे लुकलुकतो, त्यात काळजीचं काही नाही.

दिव्यावरून खात्री होत नसेल आणि गाडी चावी फिरवून सुरू होणारी असेल तर ॲल्युमिनियमच्या फॉइलची चाचणी करा. चालू चावीचं प्लॅस्टिकचं डोकं फॉइलच्या तीन-चार थरांत घट्ट गुंडाळा. कडा दुमडून घ्या, कुठेही फट ठेवू नका, फक्त पातं उघडं राहू द्या. दुसरी चावी खिशात असेल तर ती गाडीबाहेर ठेवा. आता गाडी सुरू करून पाहा. इंजिन धरलं नाही, किंवा धरून बंद पडलं आणि दिवा भराभर लुकलुकू लागला, तर आत चिप आहे. फॉइलनं तिचा आवाज अडवला. फॉइल काढल्यावर गाडी नेहमीसारखी सुरू व्हायला हवी. एकदोनदा करून थांबा, कारण ओळख पटली नाही असं सारखं घडलं तर काही गाड्या थोडा वेळ स्वतःला बंद करून घेतात.

चाव्यांच्या प्रकाराकडेही नीट पाहा. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांबरोबर मुख्य चाव्या आणि एक दुय्यम चावी येत असे. दुय्यम चावीनं गाडी चालते, पण तिच्या आधारे नवी चावी शिकवता येत नाही. फियाटच्या एका काळातल्या गाड्यांबरोबर लाल डोक्याची एक चावी आणि कोडचं कार्ड मिळे. ती लाल चावी रोज वापरायची नसतेच, ती फक्त नव्या चाव्या शिकवण्यासाठी. जुनी गाडी घेताना विकणाऱ्याकडे अशी मुख्य किंवा लाल चावी आणि कोडचं कार्ड आवर्जून मागा. नंतर ना त्याला आठवत, ना तुम्हाला सापडत.

३. कागदपत्रं आणि बरोबर न्यायच्या वस्तू

- गाडीच्या नोंदणीचं मूळ कागदपत्र, त्याची प्रत आणि फोटो असलेलं ओळखपत्र. दोन्हीवरचं नाव जुळलं पाहिजे.
- गाडी नुकतीच घेतली असेल आणि नाव बदललं नसेल तर विक्रीचा कागद आणि आधीच्या मालकाचं संमतिपत्र.
- चावी हरवली किंवा चोरीला गेली असेल तर पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची प्रत. सगळीकडे मागत नाहीत, पण विम्याच्या कामी ती लागते.
- चेसिस नंबर. हा समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा चालकाच्या दाराच्या खांबावर सापडतो. अंक-अक्षरं मिळून १७. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. गोल दिसेल तो शून्य आणि उभी रेघ दिसेल तो एक.
- नव्या गाडीबरोबर चाव्यांच्या जुडग्यात मिळालेला धातूचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा बिल्ला. त्यावर पातं कापण्याचा नंबर असतो.
- सुरक्षा कोडचं कार्ड, असेल तर.
- घरातल्या सगळ्या चाव्या. रिमोट बिघडला म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलेलीसुद्धा.

शेवटचा मुद्दा लोक हटकून विसरतात. अनेक गाड्यांत प्रोग्रॅमिंग सुरू झालं की जुनी यादी पूर्ण पुसली जाते आणि त्या बैठकीत हजर असलेल्या चाव्याच नव्या यादीत येतात. घरी राहिलेली चावी त्या क्षणापासून नुसतं दार उघडणारा लोखंडाचा तुकडा होते. मग तिच्यासाठी पुन्हा वेळ आणि पैसे.

कागद न मागता चावी करून देणारा भेटला तर तिथून निघा. जो तुम्हाला विचारत नाही तो तुमच्या गाडीची चावी मागायला आलेल्या दुसऱ्यालाही विचारणार नाही.

४. काम कुणाकडून करून घ्यायचं

तीन वाटा आहेत. कंपनीचं सर्व्हिस सेंटर, स्वतंत्र चावीवाला किंवा ऑटो लॉकस्मिथ, आणि काही मोजक्या गाड्यांत तुम्ही स्वतः.

सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबरवरून चावी मागवली जाते. बऱ्याच कंपन्यांचं प्रोग्रॅमिंग त्यांच्या सर्व्हरशी जोडूनच होतं, त्यामुळे कोडची भानगड तुमच्यापर्यंत येत नाही. वेळ जास्त लागतो, पैसेही जास्त. गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल किंवा स्मार्ट चावीची असेल तर मी हीच वाट सुचवेन.

चांगला ऑटो लॉकस्मिथ तुमच्या दारात येऊन तेच काम करतो आणि सगळ्या चाव्या हरवल्या असतील तर गाडी उचलून नेण्याचा त्रास वाचतो. मात्र फोनवरच चार प्रश्न विचारून घ्या. माझ्याच मॉडेलचं आणि वर्षाचं काम पूर्वी केलं आहे का? चावी मूळ कंपनीची देणार की दुसऱ्या बनावटीची? क्लोन करणार की प्रोग्रॅम? काम फसलं तर गाडी आधी होती तशी चालू करून देण्याची जबाबदारी कुणाची? शेवटच्या प्रश्नावर जो सरळ उत्तर देतो त्याच्याकडे जा.

स्वतः करण्याबद्दल पुढे सहाव्या पायरीत लिहिलं आहे. ऑनलाइन मिळणारी स्वस्त उपकरणं घेऊन पहिला प्रयोग आपल्या एकुलत्या एक गाडीवर करू नका, इतकंच इथे सांगतो.

५. कोरी चावी निवडणं आणि पातं कापणं

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन चाव्यांत वेगळ्या चिप असू शकतात. बटणं तितकीच, कवच तेच, पातंही तेच, तरी एक चालते आणि दुसरी नाही. म्हणून फोटो पाहून चावी मागवू नका. जुन्या चावीच्या मागे किंवा आत छापलेला पार्ट नंबर, चिपचा प्रकार आणि रिमोटची फ्रिक्वेन्सी हे तिन्ही जुळलं पाहिजे.

दुसऱ्याच्या गाडीची वापरलेली चावी स्वस्तात मिळते, पण एकदा एका गाडीला बांधली गेलेली चिप अनेक कंपन्यांच्या बाबतीत दुसऱ्या गाडीला बांधता येत नाही. स्मार्ट चाव्यांत हे सर्रास होतं. विकणारा ‘रीसेट केली आहे’ म्हणाला तरी पैसे देण्याआधी ती आपल्या गाडीला लागते का ते पाहा. शक्यतो कोरीच घ्या.

कवच तुटलं म्हणून फक्त कवच बदलणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. जुन्या कवचातून हिरवी पट्टी, म्हणजे रिमोटचा सर्किट बोर्ड, सगळे काढून घेतात. चिप मात्र बऱ्याच चाव्यांत त्या बोर्डवर नसते. कवचाच्या कोपऱ्यातल्या एका खाचेत ती वेगळी बसवलेली असते: कधी काळ्या रंगाचा, एखाद सेंटिमीटर लांबीचा चपटा तुकडा, कधी तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी काचेची नळी. तिला तार नाही, टाका नाही, त्यामुळे ती महत्त्वाची असेल असं मनातही येत नाही. कवच कचऱ्यात जातं, चिपही त्याबरोबर जाते. दारं उघडतात, गाडी सुरू होत नाही. जुनं कवच उघडताना खाली पांढरा कपडा अंथरा आणि नव्या चावीनं इंजिन सुरू होईपर्यंत जुन्याचा एकही तुकडा टाकू नका.

पातं कापताना जमेल तर बिल्ल्यावरच्या नंबरावरून कापून घ्या. अनेक वर्षं वापरलेल्या चावीवरून कापलं तर तिची झीजही नव्या पात्यात उतरते. कापल्यावर प्रोग्रॅमिंगच्या आधी ती दाराच्या कुलपात आणि मग इग्निशनमध्ये फिरवून पाहा. ती सहज फिरली पाहिजे. जोर लावून फिरवलेली चावी कुलपात मोडली तर चावीच्या खर्चावर कुलपाचा खर्च चढतो.

६. गाडीची तयारी आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंग

गाडीची बॅटरी हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. इग्निशन चालू, इंजिन बंद, अशा अवस्थेत दहा-वीस मिनिटं किंवा जास्त जाणार असतात. मधेच व्होल्टेज पडलं तर गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे तिच्या छोट्या संगणकात, अर्धवट लिहिलं जातं आणि मग चालू असलेली चावीही नाकारली जाते. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. काम चालू असताना स्थिर चार्जर जोडलेला असेल तर उत्तमच. दिवे, पंखा, म्युझिक सिस्टीम बंद.

चालकाकडची काच खाली घेऊन ठेवा. मधेच गाडी स्वतःला लॉक करू शकते आणि चाव्या आत असतात. जी चावी शिकवली जात नाही ती इग्निशनपासून चांगली दूर ठेवा, निदान मागच्या सीटवर तरी. एका जुडग्यात दोन चिप असल्या तर वेटोळ्याला दोघींची उत्तरं एकदम ऐकू येतात आणि ओळख फसते.

स्कॅनर लावून काम साधारण असं होतं. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीचे दोष तपासण्यासाठीचं, सोळा पिनांचं, एका बाजूला निमुळतं सॉकेट असतं. तिथे केबल जोडून इग्निशन चालू करतात. स्कॅनर चेसिस नंबर वाचतो. तो कागदावरच्या नंबराशी जुळतो का ते तुम्हीही बघा. मग गाडीच्या यादीत सध्या किती चाव्या आहेत तो आकडा येतो. या आकड्यापाशी थांबायला सांगा. तुमच्या हातात एक चावी आणि यादीत तीन, असं निघालं तर उरलेल्या दोन कुणाच्या तरी खिशात आहेत. अशा वेळी ‘नवी जोडा’ असं न सांगता ‘सगळ्या पुसून फक्त या शिकवा’ असं सांगा. जुनी गाडी विकत घेतलेल्या प्रत्येकानं एवढ्या एका आकड्यासाठी तरी स्कॅनर लावून घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

यानंतर सुरक्षेची पायरी. काही गाड्या पिन कोड मागतात. तो कंपनीकडून चेसिस नंबरवरून मिळतो किंवा कार्डावर असतो. अंदाजानं आकडे टाकू देऊ नका. काही वेळा चुकला की गाडी कोड स्वीकारणंच बंद करते आणि ती थांबण्याची मुदत प्रत्येक चुकीबरोबर वाढत जाऊ शकते. दुसऱ्या काही गाड्या कोड मागत नाहीत, नुसतं थांबायला लावतात. दहा-बारा मिनिटं, टोयोटाच्या काही पद्धतींत सोळा. या वेळात पडद्यावर काहीच घडत नाही, दिवा तसाच राहतो आणि बाजूला उभ्या माणसाचा धीर सुटतो. हा विलंब मुद्दाम ठेवलेला आहे. चोराकडे सगळं असतं, फक्त वेळ नसतो. केबल हलवू नका, दार उघडझाप करू नका, इग्निशन बंद करू नका.

वेळ संपली की स्कॅनर एकेक चावी घालायला सांगतो. पहिली चावी फिरवून इग्निशन चालू, काही सेकंदांत दिवा विझतो किंवा पडद्यावर ‘शिकली’ असं येतं, मग इग्निशन बंद आणि दुसरी चावी. स्मार्ट चावी असेल तर ती बटणाजवळ धरायची. शेवटी आकडा पुन्हा वाचायला सांगा. दोन चाव्या शिकवल्या तर तिथे दोनच दिसल्या पाहिजेत.

स्कॅनरशिवाय स्वतः करता येणाऱ्या पद्धती जुन्या गाड्यांत सापडतात. फोर्डच्या अनेक जुन्या मॉडेलांत आधीच ओळखीच्या दोन चाव्या हातात असतील तर तिसरी जोडता येते: पहिली चावी घालून इग्निशन काही सेकंद चालू करून बंद, लगेच दुसरी तशीच, आणि मग दहा सेकंदांच्या आसपास नवी चावी घालून चालू. दिवा तीन सेकंद पेटून विझला की ती शिकली. एकच चावी उरली की ही सोय संपते. जनरल मोटर्सच्या काही जुन्या मॉडेलांत नव्या चावीनं इग्निशन चालू ठेवून साधारण दहा मिनिटं, दिवा विझेपर्यंत थांबायचं, बंद करायचं, आणि हे सलग तीनदा करायचं. अर्धा तास जातो आणि आधीच्या सगळ्या चाव्या पुसल्या जातात. तुमच्या गाडीला यातलं काय लागू आहे ते तिच्याच पुस्तिकेत पाहा. दुसऱ्या मॉडेलची कृती आपल्या गाडीवर करून पाहू नका.

७. रिमोट वेगळा शिकवायचा

इंजिन सुरू झालं म्हणून गाडीतून उतरू नका. काही गाड्यांत चिप आणि रिमोट एकाच वेळी शिकले जातात, बऱ्याच गाड्यांत रिमोटसाठी वेगळी कृती असते. अनेकदा ती इग्निशन ठरावीक वेळा चालू-बंद करून आणि बटण दाबून घरच्या घरी करता येते. गाडी दारांची कुलपं एकदा लावून-उघडून पावती देते. इथेही तोच नियम: नवा रिमोट शिकवताना जुना पुसला जाऊ शकतो, म्हणून सगळे रिमोट जवळ ठेवून एकामागून एक शिकवा.

नवा सेल घालून मगच सुरुवात करा. सेलवर नंबर असतो, सीआर २०३२ किंवा सीआर १६२० असा. पहिले दोन अंक मिलिमीटरमधला व्यास आणि पुढचे दोन जाडी, मिलिमीटरच्या दहाव्या भागात: २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड. जवळपासचा नंबर घातला तर तो ढिला बसतो आणि दोष प्रोग्रॅमिंगवर येतो.

८. पैसे देण्याआधी हे करून पाहा

- प्रत्येक चावीनं इंजिन सुरू करून किमान अर्धा मिनिट चालू ठेवा. ओळख न पटलेली गाडी पहिल्या एक-दोन सेकंदांतच बंद पडते.
- एका चावीची चाचणी करताना दुसरी गाडीपासून दूर, दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. नाहीतर जवळच्या जुन्या चावीवर गाडी सुरू होते आणि नवी चालली असं वाटतं. स्मार्ट चाव्यांत ही फसगत फार होते.
- गाडी बंद करून लॉक करा, दहा मिनिटांनी पुन्हा उघडून सुरू करा.
- दारं, डिकी आणि इंधनाच्या झाकणाचं कुलूप पात्यानं फिरतं का ते पाहा.
- बिलावर चावीचा पार्ट नंबर आणि ‘यादीत एकूण चाव्या’ हा आकडा लिहून घ्या. कोड कंपनीकडून मागवला असेल तर तोही मागा. पैसे तुम्ही दिले आहेत.

९. सगळ्याच चाव्या हरवल्या असतील तर

हे वेगळं काम आहे हे मनाशी धरून चला. शिकवायला आधारच नाही, म्हणून गाडीला आधी पटवावं लागतं की समोरचा माणूस मालक आहे. कागदपत्रांची मागणी कडक होते, कोड अनिवार्य होतो आणि काही गाड्यांत कंट्रोल युनिट बाहेर काढून टेबलावर त्याची मेमरी वाचावी लागते. वर सांगितलेल्या लाल चावीच्या जुन्या फियाट गाड्यांत तर चावी आणि कार्ड दोन्ही गेल्यावर इंजिनाचं कंट्रोल युनिट आणि त्याच्या जोडीचे भाग बदलण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

गाडी उचलून न्यायची असेल तर स्टिअरिंग लॉक लागलेलं आहे हे उचलणाऱ्याला आधी सांगा, म्हणजे तो चाकांखाली ट्रॉली घेऊन येईल. ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये अडकलेली असते, हेही सांगा. आणि या वेळी एक चावी करून थांबू नका. कोड मिळालेला आहे, स्कॅनर लावलेला आहे, तेव्हा दोन चाव्या एकाच बैठकीत करून घ्या.

१०. काम झाल्यानंतर

हरवलेली चावी यादीतून काढली तरी तिचं पातं दार उघडतच राहतं. इंजिन सुरू होणार नाही, पण आतलं सामान जाऊ शकतं. चावी पत्त्यासकट हरवली असेल किंवा हिसकावून नेली असेल तर दाराचं कुलूपही बदलून घ्या.

चोरीचा दावा करताना अनेक विमा कंपन्या गाडीच्या सगळ्या चाव्या मागतात आणि एक कमी पडली तर प्रश्न विचारतात. म्हणून चावी हरवल्याची तक्रार, नवी केल्याचं बिल आणि जुनी पुसल्याची नोंद एका पाकिटात एकत्र ठेवा. कोड आणि बिल्ल्याचा नंबर त्याच पाकिटात. हे पाकीट गाडीच्या कप्प्यात मात्र ठेवू नका.

दुसरी चावी घरातल्या अशा माणसाकडे द्या जो गरज पडली तर ती घेऊन येऊ शकेल. दोन-तीन महिन्यांतून एकदा गाडी तिच्यावर चालवा. त्यामुळे सेल उतरलाय का ते कळतं. मूळ रिमोटचं बटण गाडीच्या टप्प्याबाहेर खूप वेळा दाबलं गेलं असेल, मुलांच्या हाती लागून म्हणा, तर त्याचे फिरते कोड, म्हणजे प्रत्येक दाबाला बदलणारे कोड, गाडीच्या मोजणीपुढे निघून जातात आणि तो चालेनासा होतो. अशा वेळी नवी चावी घ्यायला धावू नका. पुस्तिकेतली रिमोट जुळवण्याची कृती केली की बहुतेक वेळा तो पूर्ववत होतो.